डावीकडून येणाऱ्या गाड्या

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या दुकानातला लॅपटॉप नापास! तासभर उभ्याने चालवून पाहिला. ट्रक चालवायचा माझा नेहमीचा खेळ, नेहमीचा रस्ता. सरळ जात होतो आणि डावीकडून एक जीप उगवली. लांबून येताना दिसली नाही, जवळ येताना दिसली नाही. एकदम समोरच. धडक!

दुकानदार म्हणाला, "काका, चित्र अडकत असेल. ह्याचं ग्राफिक कार्ड साधं आहे. तुम्ही जरा वरचं बघा."

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरही महिनाभर हेच चाललंय. म्हणजे रोग तोच. औषध तेवढं महाग.

४ फेब्रुवारी

दुसऱ्या दुकानातला पाहिला. वजन अडीच किलो. चार्जर वेगळा, विटेएवढा. केबिनमध्ये झोपायच्या फळीवर मावेल.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा म्हणाला, "पन्नाशीला आलात दाजी, आता काय हे खूळ?" खूळ तर खूळ. एकोणतीस वर्षं खरा ट्रक चालवतोय. दोन वर्षांपूर्वी धाकटीने हा खेळ लावून दिला आणि मी खेळतो ते नेटवर थेट दाखवायची सोयही करून दिली. तेव्हा वाटलं, कोण बघणार! आता रविवारी दुपारी अडीचशे-तीनशे लोक येऊन बसतात. बरेचसे निवृत्त ड्रायव्हर. मी सावकाश चालवतो, सिग्नल पाळतो, मनात येईल ते बोलतो. देवाबद्दल, पावसाबद्दल, टायरबद्दल. फेरीवर गेलो की मात्र पंधरा-पंधरा दिवस खंड पडतो. म्हणून लॅपटॉप हवा. प्रवासात टिकणारा आणि दमाचा.

आज पुन्हा तेच. बघणाऱ्यांत एकाने नाव घेतलंय 'स्टेपनी'. गुडघे गेलेत, घरीच असतो, बोटं मात्र गप्प बसत नाहीत. त्याने लिहिलं, "अण्णा, डाव्या बाजूशी काही जुनं भांडण आहे का? आज ही चौथी उडवलीत!" सगळे हसले. मीही हसलो. चित्र अडकतं हो, म्हणून सांगितलं.

ही आतून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

११ फेब्रुवारी

माल उतरवायला गेलो तिथे गोडाऊनच्या फाटकाचा डावा खांब घासला. मडगार्ड चेपलं. राखणदार ओरडत आला, "ड्रायव्हरसाहेब, डोळे आहेत की बटणं? तो खांब तुमच्या लग्नाआधीपासून तिथे उभा आहे!"

त्या फाटकातून मी शेकडो वेळा आत गेलोय. खांब आज मला खाली उतरल्यावर दिसला.

उन्हाची तिरीप असेल.

१२ फेब्रुवारी

तिरीप नव्हती. काल दिवसभर ढग होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारवा, चपला काढाव्यात का असं वाटलं. विकणारी मुलगी धाकटीच्याच वयाची. "काका, हे आमच्याकडचं सगळ्यात वरचं. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. ह्यात अडकायला काही उरतच नाही." पंख्याचा आवाज कमी. दणकट बांधा. प्रवासाला हाच, थेट दाखवायलाही हाच, असं तिने ठासून सांगितलं.

बसलो. हात ओळखीचे, रस्ता ओळखीचा. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि गाडी काढली. दोन मिनिटांत डावीकडून सायकलवाला उगवला. गेला चाकाखाली.

"बघा," मी म्हटलं, "अडकलं की नाही?"

तिने पुन्हा तिथूनच खेळ लावला आणि स्वतः चालवला. सायकलवाल्याला वाट दिली, पुढे गेली. म्हणाली, "तो कधीपासून दिसतोय की, काका. त्या झाडापासून."

मी म्हटलं, "ह्याच्यावरचा दाखवा."

ती म्हणाली, "ह्याच्यावर दुसरा नाही."

१७ फेब्रुवारी

झोप नाही.

२० फेब्रुवारी

मालकाने सगळ्या ड्रायव्हरांची डोळेतपासणी ठेवली होती. गेलो. समोरच्या पाटीवरची सगळी अक्षरं वाचली, अगदी तळाची, मुंगीएवढीसुद्धा! तपासणारा म्हणाला, "अण्णा, डोळे पंचविशीतले आहेत तुमचे." कागदावर शिक्का. बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून हात जोडले. उगाच घाबरलो होतो.

घरी येऊन पेपर उघडला. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडेना. बोट ठेवून वाचावं लागलं, पहिलीतल्या मुलासारखं. सकाळचं स्तोत्र पोथी समोर धरून म्हणतो, पण ते मला पाठ आहे. त्यामुळे तिथे इतके दिवस कळलंच नाही.

२४ फेब्रुवारी

एकटाच गेलो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पांढऱ्या मोठ्या परातीसारखं मशीन, त्यात तोंड घालून बसायचं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ दिवा लागलाच नाही.

म्हटलं, "बाई, मशीन बंद पडलं वाटतं."

"नाही," त्या म्हणाल्या, "चालू आहे."

कागदावर दोन गोल छापून आले, दोन्ही डोळ्यांचे. दोन्ही डाव्या अंगाने काळे. डोळ्यांत काही नाही म्हणाल्या. दोष डोक्यात, मागच्या बाजूला. महिना-दोन महिन्यांपूर्वी एखादा बारीक झटका येऊन गेला असणार. आठवलं. डोकं ठणकत होतं म्हणून गोळी घेऊन पडलो होतो तो दिवस. मी विचारलं, "मग मला काळं का दिसत नाही?" त्या म्हणाल्या, "काळं दिसलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तिथे काहीच दिसत नाही."

उद्याच्या उद्या डोक्याच्या डॉक्टरांकडे जायचं. चिठ्ठी दिलीय. "आणि गाडी बंद. आजपासून! कळलं का?"

मान हलवली.

घरी हिने विचारलं, "अहो, काय म्हणाल्या?" मी सांगितलं, "थेंब दिलेत." गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, जगात काहीही बोला, वहीत खरं लिहा. म्हणून लिहितो. हिला खोटं सांगितलं.

२५ फेब्रुवारी

डोक्याच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. गाडी भरून उभी आहे. मालकाने कागद हातात दिले, "अण्णा, शुक्रवारी निघा," म्हणाला, आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. एकोणतीस वर्षांत "नाही" कधी म्हटलंच नव्हतं, जीभ वळली नाही. एवढी एकच फेरी. पाठ असलेला रस्ता. परत आल्यावर किल्ली मी स्वतः त्याच्या टेबलावर ठेवीन. देवासमोर बोललोय तसं.

आई म्हणायची, आंधळ्याच्या गायी देव राखतो. दिवसभर तेच घोळवतोय. त्या गायींच्या वाटेत कोण येतं, त्याला कोण राखतो, ते म्हणीत नाही.

२६ फेब्रुवारी

लॅपटॉप घेतला. त्या मुलीकडचा, सगळ्यात वरचा! पेटी बांधताना ती म्हणाली, "काका, ते अडकायचं काय झालं?" म्हटलं, "कळलं कुठे अडकतं ते."

मार्ग सुचला आहे. धाकटीला सांगितलं, लोकांना आता खेळातला नको, खरा रस्ता दाखवायचा. ती खूश. तिने कॅमेरा काचेला लावून दिला. मी म्हटलं, अजून डावीकडे. "बाबा, डावीकडे काय आहे? नुसता रस्त्याचा काठ." म्हटलं, काठच दाखवायचाय. लोक जे लिहितील ते लॅपटॉप मोठ्याने वाचून दाखवेल, अशीही सोय तिने केली. नजर रस्त्यावरून काढायला नको. पोर माझी किती काळजी करते!

स्टेपनीला सांगितलं, "डावीकडे जे दिसेल ते लिहीत राहा. गंमत." त्याने लिहिलं, "आयुष्यभर मागे लटकलो, अण्णा. शेवटी पुढे बसवलंत!"

त्याला काही सांगितलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी अकरा

पंपावर थांबलोय. चार तास नीट गेले. नेटवर्क आहे, लॅपटॉप गरम होत नाही, चित्र कुठेही तुटत नाही. लॅपटॉप त्याच्या त्या एकसुरी आवाजात सांगतो, "अण्णा, डावीकडे टेम्पो," आणि टेम्पो तोवर मागे गेलेला असतो. म्हणजे सांगायच्या आधीच मी त्याला सांभाळून पुढे आलेलो असतो! प्रत्येक वेळी! बाईंचं मशीन चुकलं असेल काय? देवाने हात ठेवलाय डोक्यावर. अजून तीन तास.

२८ फेब्रुवारी, पोलीस चौकीच्या बाकावर

थेट म्हणतात, पण ते अर्धं-पाऊण मिनिट मागून चालतं. दोन वर्षं दाखवतोय, मला ठाऊक होतं.

एक बाई सायकलवर होती. मी गाडी थांबवून, धावत मागे जाऊन, तिचा हात धरून रस्त्यावर बसलो होतो. तेव्हा उघड्या केबिनमधून लॅपटॉप बोलला, "अण्णा, डावीकडे सायकल. सांभाळा."