काजळी तयार झाली

निलंगा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, फसली १३४७

प्रिय माधव,

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींना मी 'अजून नाही' एवढंच उत्तर धाडलं. तुला वाटलं असेल, उद्धव शाळामास्तर झाला आणि शब्दांचाही कंजूष झाला. तसं नाही. मला ठाऊकच नव्हतं, तर लिहू काय? आता ठाऊक झालं आहे. तुझी काजळी तयार झाली. परवा सकाळी, दिवस कासराभर वर आला असताना झाली. हे एका ओळीत कळवून कार्ड टाकलं असतं तर तुझं काम भागलं असतं, पण माझं भागत नाही. म्हणून आज शाळेला सुटी आहे तर ऐसपैस बसलो आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढात तुझ्या माणसानं टोपलीतून ते कुत्रीचं पिल्लू आणून दिलं, तेव्हा ते दोन महिन्यांचं होतं. सोबत तुझी चिठ्ठी होती. कारवानी जातीचं जनावर नांदेडात वकिलाच्या दारी साखळीला बांधून वाया जाईल, योग्य माणसाच्या हाती दे, शिकारीला तयार झालं की कळव. योग्य माणूस! माधव, या तालुक्यात तसा माणूस एकच आहे हे तुलाही ठाऊक होतं. चिठ्ठीत तू त्याचं नाव घेतलं नाहीस. मीही पिल्लू घेऊन शिवप्पा धनगराच्या वाडीवर गेलो तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. एका दोस्तानं धाडलंय, एवढंच म्हणालो. त्यानं पिल्लू उचललं, कान उलटून पाहिले, पंजे दाबून पाहिले, बराच वेळ डोळ्यांत पाहिलं आणि घरधनीण साखराबाईला हाक मारली, "दूध आण गं वाटीत." नाव तिनंच ठेवलं. डोळ्यांना काजळ घातल्यासारखी कड होती म्हणून काजळी.

शिवप्पा आता साठीचा झाला. मिशा पांढऱ्या झाल्या, पण चालतो तसाच, पुढं जरासा झुकून, मेंढरांच्या मागं दिवसाला पाच-सहा कोस. मी दर आठवडी बाजार उरकला की वाडीवर जात असे. मला वाटायचं, आता ही तालीम सुरू होईल, मग सुरू होईल. तो काहीच करत नव्हता. ताकात भाकरी कुस्करून घालायचा आणि तिला घेऊन मेंढरांमागं चालायचा, बस्स. सहा महिन्यांची झाली तेव्हा ती वाऱ्यासारखी पळायची. मी म्हटलं, "शिवप्पा, हिला सोडून तर बघू सशावर." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी एखाद्या पोराला पाढे न शिकवता त्रैराशिक घालायला निघालो होतो. म्हणाला, "मास्तर, हाडं मऊ हायेत अजून. आन ती खेळून राहिली. खेळणाऱ्याला कामाला लावलं की खेळबी जातो आन कामबी."

पुढं माघात मेंढ्या व्यायल्या. एक दिवस गेलो तर काजळी कोकरांच्या मधोमध बसलेली. एक कोकरू तिच्या शेपटीवर पाय देऊन गेलं, एक तिच्या तोंडासमोरून बागडलं. तिच्या अंगावरचा एकेक स्नायू थरथरत होता, पण ती उठली नाही. शिवप्पा दूर बाभळीखाली घोंगडीवर पडला होता, डोळे मिटून. मी जवळ गेलो तसा डोळे न उघडताच म्हणाला, "बसलीय न्हवं?" बसलीय म्हटलं. "मंग आठ आणे झाली." मी विचारलं, उरलेले आठ आणे कधी? तर म्हणाला, ते तिलाच ठाव.

पहिल्यांदा तिला सोडलं ते पोळ्यानंतर, सोळा महिन्यांची असताना, त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या जोडीनं. ससा उठला, काजळी सुटली, आणि खरं सांगतो, मी तिच्यामागं धावतच सुटलो. पण सशानं गिरकी मारली आणि ही आपल्याच जोरात पुढं जाऊन कोलमडली. उठली ती थेट एका काटेरी झुडपात शिरली. तासभर बाहेर येईना. शिवप्पा तिथं उकिडवा बसून राहिला, हाक नाही, चुचकारणं नाही. शेवटी ती आपली आपण आली तेव्हा तिला खांद्यावर घेऊन वाडीवर आला. "न्हाई अजून," म्हणाला, आणि दोन महिने ससा तिच्या नजरेलाही पडू दिला नाही.

मधे दसरा आला आणि एक जागीरदार आले. नाव लिहीत नाही. काजळीच्या पळण्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. वाडीपुढं दोन घोडे आणि मोटार उभी राहिली, तेव्हा मीही तिथंच होतो. त्यांचा माणूस म्हणाला, सरकारांचे हैदराबादचे मेहमान आलेत, उद्या शिकार आहे, कुत्री द्यायची. शिवप्पानं हात जोडले आणि म्हणाला, "कच्ची हाय सरकार." ते हसले. तिला पळवून दाखव म्हणाले. त्यानं पळवली. ती पळाली तसं तिथलं कुणीच जनावर पळालं नसतं. मग त्यानं तिला जवळ बोलावलं, तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि जागीरदारांनाही ठेवायला सांगितला. जागीरदार खाली वाकले, माधव! मी पाहिलं आहे. शिवप्पा म्हणाला, "बघा, धडधड लवकर बसत न्हाई. पाय तयार हायेत, दम न्हाई. उद्या डुकरावर सोडाल, तर ती भिऊन माघारी येनार न्हाई. तिथंच मरंल. चार म्हैन्यांनी या, म्या सोता घेऊन येतो."

जागीरदारांनी हात पुसला आणि मोटारीत जाऊन बसले. आठ दिवसांनी हुकूम आला, की त्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या रमण्यात शिवप्पाची मेंढरं यापुढं चरायची नाहीत. वीस वर्षांचं त्याचं चरण्याचं रान एका दिवसात बंद झालं. तेव्हापासून तो मेंढरं घेऊन पार तेरणेपलीकडं जातो, पहाटे निघतो, दिवेलागणीला येतो. साखराबाई मला म्हणाली, "दुसऱ्याच्या कुतरीपायी आमचं रान गेलं, मास्तर." तिचा सूर भांडणाचा नव्हता, पण मला मान वर करवेना. त्या दिवशी सांगायला हवं होतं कुत्री कुणाची ते. शिवप्पा मात्र हसून म्हणाला, "रान काय, फुडं बी हाय. कुतरी फुडं न्हाई."

दिवाळीनंतर पुन्हा सोडली. या खेपेला तिनं ससा धरला. मी टाळ्या वाजवल्या, पळत गेलो. काजळी ससा दातांत धरून गुरगुरत होती, म्हातारी कुत्री जवळ आली तर तिच्या अंगावर गेली. शिवप्पानं तोंडातून ससा काढायला अर्धी घटका घेतली. मी म्हणालो, आता तर झाली ना! तो म्हणाला, "मास्तर, आता तर जास्तच न्हाई."

आणि परवा. थंडी कडक होती, माळावर दहिवर पडलं होतं. ससा मोठा होता, जुना, दहा कुत्र्यांना फसवलेला. काजळीनं त्याला तीन शेतांतून पळवला. त्यानं गिरकी मारली तर हीही वळली. पुन्हा मारली, पुन्हा वळली. हातभर अंतर उरलं असेल नसेल, तोवर ससा निवडुंगाच्या कुंपणात शिरला आणि संपलं. मला हळहळ वाटली. काजळी कुंपणापाशी उभी राहिली. एकदा आत पाहिलं. मग वळली आणि दुडक्या चालीनं सरळ शिवप्पाकडं आली, त्यानं डबक्यातलं पाणी दाखवलं ते प्यायली, आणि त्याच्या पायाशी उभी राहून पुन्हा माळाकडं पाहू लागली. शिवप्पानं तिच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं. म्हणाला, "झाली."

मी म्हटलं, धरला तेव्हा नाही म्हणालास, आणि आज सुटला तर झाली? तो म्हणाला, "धरल्यावर समदीच कुतरी शहानी दिसत्यात. सुटल्यावर कोन सरळ माघारी येतंय, ते बघायचं असतंय."

नऊ वर्षं मी पोरांना शिकवतो आहे, माधव. कुणाला वरच्या वर्गात घालायचं, कुणाला नाही, याचा निकाल मी दर वर्षी दोन तासांत लावतो. हा माणूस एका कुत्रीसाठी दीड वर्षं थांबला आणि आपलं रान घालवून बसला.

परतताना मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की शिवप्पा, कुत्री माधवरावांची आहे. तो चालतच राहिला. "ठाव हाय," म्हणाला. पहिल्या दिवशीच ठाऊक होतं त्याला. तुमच्याकडं असताना शिवप्पानं वाढवलेला तो तुफान कुत्रा, त्याची बहीण तू नांदेडला नेली होतीस ना, तिचाच हा वंश. "कानाची घडी बघितली आन वळखलं. हिच्या आजीला म्या बोटानं दूध पाजलंय. कुतऱ्याचा काय गुन्हा?"

तुफानचं नाव अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून ऐकलं, आणि मग दुसरीही गोष्ट माझ्या तोंडून निघाली. तू ती कधी कुणाला सांगितली नाहीस, हा तुझा मोठेपणा. शिवप्पा औरादला लग्नाला गेला होता, तुफान दहा महिन्यांचा होता, आणि तो जाताना बजावून गेला होता की याला सोडू नका. तुझे पाहुणे उसाच्या कडेला उभे होते. आत डुक्कर होतं. तू 'सोड' म्हणालास. पण दोरी माझ्या हातात होती, माधव. गाठ मी सोडली. मला नाही म्हणता आलं असतं. डुकरानं त्याचं पोट फाडलं आणि तिसऱ्या दिवशी तो शिवप्पाच्या मांडीवर गेला. शिवप्पानं तुमचं काम सोडलं, तू गाव सोडलंस, आणि मी इथंच राहिलो, सगळ्यांच्या रामरामाचा धनी.

हे मात्र शिवप्पाला ठाऊक नव्हतं. ऐकून तो थांबला. माझ्याकडं पाहिलं नाही. काजळीची दोरी माझ्या हातात दिली आणि एकटाच मेंढरांकडं निघून गेला. मी माळावर तिला धरून उभा. ती त्याच्या दिशेनं पाहत होती, मीही. संध्याकाळी तिला वाडीवर नेऊन सोडलं. साखराबाईनं बांधून घेतली. तो आला नव्हता. घरी येऊन मी जेवलो नाही.

काल सकाळी तो माझ्या दारात उभा होता. इतक्या वर्षांत तो माझ्या घरी कधी आलेला नाही. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "तुमी दोरी सोडली, त्यांनी हुकूम दिला, आन म्या कच्चं कुतरं दोन पोरांजवळ ठिवून लग्नाचं जेवाय गेलो. तिघांचंबी हाय ते. म्या त्यांच्या एकट्याच्याच नावानं खडे फोडीत बसलो इतके दिस." मग म्हणाला, "मास्तर, पत्र लिवा त्यांना."

तर हे पत्र त्याच्या सांगण्यावरून आहे. लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं, कारण तो आज पुन्हा येऊन समोर ओट्यावर बसला आहे. सगळं ऐकलं. तुफान गेला त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू शिवप्पाला जे बोलला होतास, तेही मी लिहिलं होतं. तेवढं त्यानं काढायला लावलं. "ते नगा लिवू, पोरगं व्हतं ते," म्हणाला. म्हणून तो कागद फाडून हा नव्यानं लिहिला. काजळीला तो कुणाच्या हाती रेल्वेनं धाडणार नाही. ज्याची आहे त्यानं यावं, म्हणतो. अमावास्येला येळवस आहे, सगळं गाव रानात जेवायला जाईल. आमच्या शेतात आंबील असेल, भज्जी असेल, साखराबाई येणार आहे. उदगीरच्या स्टेशनावर मी छकडा घेऊन उभा राहीन. बंदूक आणू नकोस, पाहुणे आणू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्पा आपल्या दोघांना माळावर नेणार आहे. दोरी तो तुझ्या हातात देईल. कधी सोडायची, ते मात्र तोच सांगणार.

तुझाच,
उद्धव