खळ्याचा उतार आणि नानांनी निवडलेलं पातं

सोनगीर,
९ एप्रिल १९९१

तीर्थरूप जीवरामनाना यांच्या पायांशी भाईदासचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? (तुमची बहीण रोज विचारते, आणि मला उत्तर माहीत नसलं की रागही माझ्यावरच काढते.) वहिनींना नमस्कार सांगा. बोदवडला ऊन फार असेल, दुपारचं स्टेशनाकडे फिरायला जाऊ नका.

पत्राचं कारण एकच, तुमचे उपकार. तोंडावर बोलायला गेलो तर तुम्ही हात झटकून विषय बदलता, म्हणून लिहितो. मंदाच्या साखरपुड्याला खळ्यात पंगत बसली, बट्ट्या कुस्करल्या, वरण वाढलं, आणि आमच्या खळ्याचा पिढीजात उतार धरून ते मोतीलाल व्याह्यांच्या पत्रावळीवरून थेट त्यांच्या नव्या धोतरात गेलं. व्याही ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, लग्न आमच्याकडे धरणगावलाच करू, कार्यालयात. पोरगी आपल्या दारातून सासरी जावी एवढी एकच इच्छा होती माझी, आणि ती वरणाबरोबर वाहून चालली होती. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात, खळं सपाट केलं तर लग्न सोनगीरलाच असं त्यांच्याकडून वदवून घेतलंत, आणि मला ट्रॅक्टरमागे लावायचं, माती ओढून सपाट करणारं पातं घ्यायला जळगावला नेलंत.

निघताना गावाने मला भरपूर शिकवलं होतं. शेजारच्या झुलालभाऊंचं मत, जागच्या जागी पक्कं बसवलेलं पातं घ्यावं, फिरणाऱ्या वस्तूचा भरवसा नाही. (ते स्वतः सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरं.) मलाही पक्कंच आवडलं होतं, कारण ते लाल होतं. तुम्ही मात्र दुकानदार निर्मलकुमारांचा चहा बाजूला सरकवून जमिनीवर उकिडवे बसलात, फिरणाऱ्या पात्याची खीळ उपसलीत, ते डावीकडे फिरवलंत, उजवीकडे फिरवलंत, एक टोक खाली झुकवून पाहिलंत. मग दुकानामागच्या अंगणात ट्रॅक्टरला जोडून ते चालवूनही घेतलंत. त्यांचं अंगण फुकटात सपाट झालं, आणि ते बिचारे त्याबद्दल आपलेच आभार मानत राहिले. तुम्ही एवढंच म्हणालात, “खळं वाकडं शे पाव्हनं, मंग पातं सरळ घिसन काय करशात?” तुमच्या सदऱ्याला लागलेलं ग्रीस अजून निघालं नसेल. त्याबद्दल वहिनींची माफी मागतो.

आता माझी अक्कल ऐका. पातं मी उलट्या बाजूला झुकवलं. दिवसभर माती ओढली, आणि संध्याकाळी खळ्याचा पश्चिमेचा उतार पूर्वेला गेला. उतार मोजायला गवंडी पाण्याची नळी घेऊन आला होता, पण गावाने त्याला परत पाठवलं. पाणी वेगळं आणि वरण वेगळं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मग रोज संध्याकाळी पत्रावळी मांडून परीक्षेची पंगत सुरू झाली. लोक पोटभर जेवून, बोट दाखवून सांगत की अजून किंचित वाहतं, उद्या पुन्हा बघू. झुलालभाऊ तर घरून तूप घेऊन येऊ लागले. मी रोज पातं बदलत होतो आणि तुमची बहीण रोज बट्ट्या भाजत होती. शेवटी तिने जाहीर केलं की उद्यापासून पत्रावळीत नुसतं पाणी वाढलं जाईल. त्याच संध्याकाळी झुलालभाऊंनी खळं सपाट असल्याचा निर्वाळा दिला.

आणि खरंच ते सपाट झालंय, नाना. परवा व्याही स्वतः येऊन पाहून गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि लग्न इथेच, असं म्हणाले. मी गोठ्याच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले. तुम्ही नसतात तर मी लाल पातं घेऊन आलो असतो. हे ऋण माझ्याने फिटायचं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

लवकर या. मामाशिवाय मंदा बोहल्यावर चढायची नाही.

तुमचा,
भाईदास

ता.क. एक सांगायचं राहिलं. लिंबाखालचा कोपरा सपाट झालेला नाही. तिथे मुळं आहेत, पातं जात नाही. सावली तेवढीच, म्हणून मानाचं पान तिथेच मांडावं लागणार, आणि व्याही तिथे बसले तर सगळं मुसळ केरात. मामाचा मान पहिला, तेव्हा तिथे तुम्ही बसलात तर कोणी काही म्हणणार नाही. माझ्या लग्नात तुम्ही त्याच लिंबाखाली बसला होतात. वरण वाहायला लागलं तसा तुम्ही पत्रावळीच्या कडेला डाव्या हाताचा बांध घातलात, आणि माझ्या वडिलांना सांगितलंत की वरण फार छान झालंय. मी ते पाहिलं होतं. तेवढं पुन्हा एकदा करा.

ता.क. दुसरा. पत्र वाचून दाखवलं, तर तुमची बहीण चुलीपुढून म्हणाली, “नानाले लिखा, येतांना द्रोण लई या. द्रोणमा वाढं ते वरण कथं जाई?” एवढी माती ओढली, एवढ्या पंगती उठल्या, पण हे गावात कोणाला सुचलं नाही, जळगावात तुम्हालाही नाही. ही गोष्ट झुलालभाऊंच्या कानावर जाऊ देऊ नका. द्रोण जरूर आणा, आणि बसा मात्र लिंबाखालीच.