जुन्या ड्रायव्हरकडून नव्या ड्रायव्हरविषयी

यान्बू, सौदी अरेबिया, शनिवार (ई-मेलने)

राजमान्य राजेश्री गोपीनाथराव यांस दीनानाथाचे कृतानेक नमस्कार. (तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा रीतीने नमस्कार तू करायचा आणि आशीर्वाद मी द्यायचा. पण आज अर्ज माझा आहे, आणि अर्जदाराला वय नसते.) तुझी मान आता कशी आहे? तुझ्या नंदाने आम्ही धाडलेले ते तेल चोळायला घेतले, की बाटली अजून कपाटात आपले ब्रह्मचर्य सांभाळून आहे? इकडे क्षेम. समुद्र जागच्या जागी आहे आणि त्यातले मीठ काढणाऱ्या प्रकल्पात मीही जागच्या जागी आहे. जागा सोडली आहे ती फक्त तुझ्या ताईने.

दिवाळीत सरोजने तुला फोनवर सांगितले, की मी मोटारशर्यतीचा गेम खेळू लागले आहे, तेव्हा तू "ताई, या वयात?" म्हणून हसलास. मीही हसलो होतो, पण मी शहाणा असल्यामुळे तोंड फिरवून हसलो. रक्तपेढीतल्या तिच्या सहकारी दुआने (मूळ हैदराबादची, जेद्दात वाढलेली, हिला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणते) हा नाद लावला. आता आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन मॉनिटर, एक स्टिअरिंग आणि खाली तीन पेडल आहेत. आम्ही जमिनीवर मांडी घालून जेवतो. भारतीय बैठकीविषयी मी वीस वर्षे केलेल्या प्रवचनांनी जे साधले नाही, ते एका गेमने साधले. आणि हे पाहा, देशभरातल्या बायकांच्या ऑनलाइन स्पर्धेत एकशे चाळीस जणींतून तुझी ताई शेवटच्या आठांत आली आहे! उरलेल्या सात जणींचे सरासरी वय तेवीस. अंतिम शर्यत येत्या गुरुवारी, घरूनच. प्रकल्पात मी ही बातमी कोणालाही सांगितलेली नाही. (फक्त आमच्या विभागात, शेजारच्या विभागात, आणि इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला गेलो होतो तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांना. ते "माशाल्ला" म्हणाले आणि कागद परत न करता पुढे सरकवला, असे पूर्वी कधी घडले नव्हते.)

आता ड्रायव्हरकडे वळतो. तुला ठाऊकच आहे, की इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळेपर्यंत चौदा वर्षे सरोजचा ड्रायव्हर मी होतो. 'चालयति इति चालकः', म्हणजे चालक स्वतः चालत नाही, दुसऱ्याला चालवतो. आमच्याकडे हे व्याकरण उलटे होते, पण ते असो. तिला परवाना मिळाला आणि मी सेवानिवृत्त झालो. अशा माणसाने गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात चहा करताना काय ऐकावे? बाहेर फोनच्या स्पीकरवर दुआ म्हणत होती, "खाला, ड्रायव्हर पुराना हो गया. निकाल फेंको, यल्ला, साफ करके नया डालो!" आणि तुझी ताई, माझी सहधर्मचारिणी, शांतपणे म्हणाली, "हां रे, अटक अटक के चलता है. और सब भूल जाता है." गोपीनाथा, माझा गुडघा अटकतो आणि चष्मा मी विसरतो, हे खोटे नाही. चहात मी मीठ घातले. तो पिऊन सरोजने विचारले, "तुमच्या प्रकल्पातलं उरलेलं घरी आणता का?" मग तिने मला समजावले, की ड्रायव्हर म्हणजे मॉनिटरांवर चित्र हाकणारे सॉफ्टवेअर, आणि ते लिहिणाऱ्या कंपनीत माझा मेहुणा नोकरीला आहे. (तुझ्या आईने गावभर 'गोपी ड्रायव्हरचं काम करतो' म्हणून सांगितले आहे, तो गैरसमज मी आजवर मुद्दाम दूर केलेला नाही.)

तर अर्ज असा. तीन मॉनिटर शेजारी ठेवले, की मधल्या दोन सांध्यांत, मॉनिटरांच्या कडेच्या चौकटींपाशी, रस्ता तुटतो. डावीकडची रेघ दोन बोटे खाली जाऊन पुन्हा उगवते, आणि तेवढ्यात दम्मामची एखादी पोरगी पुढे निघून जाते. गाडीच्या खिडकीचा खांब रस्ता झाकतो, पण वाकडा करत नाही. तसे व्हावे, आणि प्रत्येक चौकटीची जाडी वेगळी भरता यावी, कारण आमचा तिसरा मॉनिटर स्वस्तातला आणि जाड आहे. दुसरे, वेगाचा काटा फक्त मधल्या पडद्यावर यावा. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. दुआने मॉनिटर जोडताना एक, दोन, तीन असे उजवीकडून मोजले. ती उर्दू लिहिते, तिचा हात तसाच वळणार. तुमचा ड्रायव्हर डावीकडून मोजतो, आणि आम्ही मांडणी उलटी करून दिली तरी दर नव्या आवृत्तीनंतर ती विसरतो. मागच्या फेरीत ऐन सुरुवातीला डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे गेली. दुसरी कोणी असती तर उठली असती. तुझ्या ताईने डोक्यात दोन्ही बाजू बदलून घेतल्या आणि तशीच तिसरी आली! मी मागे उभा होतो. शर्ट घामाने भिजला, तो माझा. माझे मत विचारशील तर दुआचेच बरोबर. 'अंकानां वामतो गतिः', आकडे उजवीकडून डावीकडे जातात, हे आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा उजवीकडून मोजण्याची सोय ड्रायव्हरमध्ये व्हावी, आणि ती त्याच्या लक्षात राहावी. कंपनीच्या संकेतस्थळावर मी हे सविस्तर लिहिले होते. उत्तर आले, की मजकूर कमी करा. संस्कृत सूत्रांवर वाढलेल्या माणसाला इतका मोठा अपमान अरबस्तानात आजवर कोणी केला नव्हता.

नंदाला आशीर्वाद.

तुझा भावोजी,
दीनानाथ

ता. क. पत्र सरोजने वाचले. वाचून उठली, कडेच्या दोन मॉनिटरांच्या मागच्या केबली एकमेकींच्या जागी लावल्या, आणि म्हणाली, "खलास." आता दुआचा एक आणि ड्रायव्हरचा एक एकाच बाजूला आहेत. तिसरी मागणी रद्द समज. चौकटींचे मात्र पाहा.

ता. क. २. हे ती झोपल्यावर लिहितो आहे. चौकटींचेही राहू दे, चार दिवसांत तुमच्याने काय होणार! तुझे ते "या वयात?" तिच्या मनातून गेलेले नाही. बोलत नाही, पण जिंकल्याचे सर्वांना कळवते आणि तुला कळवत नाही. गुरुवारी शर्यत थेट दिसेल. पाहा, आणि संपल्यावर, कितवीही येवो, आधी तुझा फोन येऊ दे. हाच अर्ज.

ता. क. ३. शुक्रवारी आम्ही जेद्दाला मासे खायला जाणार. गाडी ती चालवणार. इथे चालकाची जागा डावीकडे असते. म्हणजे चौदा वर्षे ती माझ्या उजव्या हाताला बसत होती, जे शास्त्राला धरून नव्हते. पत्नी वामांगी हवी. आता ती चालवते तेव्हा बरोबर डावीकडे असते.