डोकं न हलवायची तालीम

कनेरगाव नाका,
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप रुक्माआक्का,

तुमच्या पायावर संतरामचं डोकं. (डोकं जागेवर आहे. हे पत्र त्याच्याचबद्दल आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.) तुमचे गुडघे कसे आहेत, साडूभाऊंचा खोकला गेला का, हळद यंदा कशी आहे, सगळं कळवा. आमी इकडं खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. मधे महिनाभर नव्हतो.

फोन काहून केला न्हाई, असं तुमी म्हणाल. केला होता. मी माळावर पडल्याचं मागच्या सोमवारी तुमाला सांगितलं, तर तुमी "लई चांगलं झालं, देवानं ऐकलं" म्हणून फोन ठेवून दिला. (तुमचा दोष न्हाई. कानाची तकलीफ आहे तर माणूस काय करणार.) पण धाकट्या बहिणीचा नवरा पडला यात देवानं काय ऐकलं ते मी दोन दिवस विचार करत होतो. अक्षर मात्र तुमाला बराबर दिसतं, म्हणून आज गोजर शेळ्या घेऊन गेल्यावर कागद काढला.

झालं असं की दसऱ्याच्या आधी आमी दोघं माळावर होतो. मी चांगला उभा होतो, आन् एकदम डावा हात माझा न्हाईच असं झालं. मग पाय. मग मी बसलो. (गोजर म्हणते पडलो. ती लांब होती, तिला काय दिसलं असेल.) तिनं हाक मारली तर माझ्या तोंडातून शब्द वाकडाच निघाला. अर्ध्या तासानं हात परत आला, जीभ सरळ झाली, आन् मी म्हणालो, ऊन लागलं असेल. पण तुमची बहीण कुणाचं ऐकते का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगोलीत डॉक्टरसमोर. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं मोजायला लावली आन् म्हणाले, डोक्याचा एमआरआय काढा.

तर हा एमआरआय म्हणजे मोठं पांढरं नळकांडं असतं. त्यात माणसाला डोक्याकडून सरकवतात आन् आतल्या मेंदूचा फोटो काढतात. तिथं निलम नावाची पोरगी मशीन चालवते. लेकरू गुणाचं. मला म्हणाली, "बाबा, अजिबात हलायचं नाही. हलत्या पाण्यात तोंड नीट दिसतं का? तसंच असतं." मी म्हणालो, त्यात काय, पडून तर राहायचंय. साठ वर्षं उभा आहे, पडायला कोण न्हाई म्हणतो.

डोक्याभोवती पिंजरा लावला, कानात बोळे घातले आन् आत ढकललं. आतमधे बारीक कर्ण्यातून निलमचा आवाज आला, "बाबा, ठीक आहे ना?" मी मान डोलावली. ती म्हणाली, "मान हलवू नका." मी 'बरं' म्हणून मान डोलावली. असं चार वेळा झालं. आता आक्का, समोरच्यानं सांगितलेलं समजलं हे कळवायला मान हलवावी लागते, त्याशिवाय माणूस उर्मट दिसतो. मग मशीन सुरू झाली. एकदा डावीकडून ठकठक, एकदा उजवीकडून घूंऽऽ. माझी मान चाळीस वर्षं कळपामागं हिंडलेली आहे. झुडपात खसफसलं की माझ्या आधी ती वळते. ती काही मला विचारत बसत न्हाई.

बाहेर आल्यावर निलमनं फोटो दाखवला. विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं, आन् त्यात कुठंतरी माझा मेंदू. रागावली न्हाई. म्हणाली, "सुई देऊन झोपवता येतं, पण तुमचं बीपी बघता डॉक्टर नको म्हणतात. आठ दिवस घरी सवय करा. आणि मावशींना आत बसवू, जवळचं माणूस असलं की बरं वाटतं." पण मावशींना आत यायचं तर अंगावर धातूचं काहीच चालत न्हाई. जोडवी काढा, मंगळसूत्र काढा. गोजरनं तिच्याकडं असं बघितलं की ती पोरगी दोन पावलं मागं सरकली. "नवरा बोगद्यात आन् मी गळ्यातलं काढू?" निलमनं चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून दिली.

मग घरी तालीम सुरू झाली. रोज दुपारी पंधरा मिनिटं ओसरीवर मला उताणं झोपवायचं, डोकं बाजेखाली सरकवायचं, अंगावर पांढरं धोतर, कपाळावर एक लिंबू. लिंबू पडलं की पहिल्यापासून. आन् मशीनची सवय व्हावी म्हणून गोजर उलथन्यानं परात बडवणार. पहिल्या दिवशी लिंबू सतरा वेळा पडलं. दुसऱ्या दिवशी एक करडू येऊन ते खाऊन गेलं (तेव्हा मी हललो न्हाई, पण गोजरनं ते हिशेबात धरलं न्हाई). चौथ्या दिवशी मात्र मी असा जमून गेलो की परात बडवून बडवून तिचाच हात भरून आला. ती माझ्या पायाशी बसली आन् पदरानं तोंडाचा घाम पुसू लागली.

नेमका तेव्हा शेजारचा प्रेमसिंग कुऱ्हाड मागायला आला. त्यानं बघितलं : मी पांढऱ्या धोतराखाली गार पडलेला, कपाळावर लिंबू, बायको पायाशी, पदर तोंडाला. त्यानं डोक्याचं पागोटं काढलं आन् आला तसा उलट्या पावली गेला. मला सगळं ऐकू येत होतं, पण पंधरा मिनिटं पुरी व्हायला तीन बाकी होती. तेवढ्यात निम्मी गल्ली अंगणात. चतुराबाईनं तर फाटकातूनच गळा काढला. "असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई गंऽऽ, कुणाला कधी उलटून बोलला न्हाई गंऽऽ." आक्का, खोटं कशाला सांगू, ही बाई माझ्याबद्दल जन्मात इतकं चांगलं बोलली नव्हती. म्हणून मी आणखी दोन मिनिटं तसाच पडून राहिलो. मग गोजर ओरडली, "अहो जित्ते आहेत ते, तालीम चाललीय!" आन् मी उठून बसलो, तर चतुराबाई जी पळाली ती अजून आमच्या दारात आलेली न्हाई.

ठरल्या दिवशी पुन्हा हिंगोली. तिथं गोजरनं बाकड्यावर बसून आधी साबण लावून जोडवी काढली. मग पिशवीतून पिवळा दोरा काढला, त्याला हळकुंड बांधलेलं. तुमी संक्रांतीला पाठवलेल्या पोत्यातलंच. ते गळ्यात घातलं, मगच मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं. निलमला म्हणाली, "आता यात लोखंड असेल तर बघ." निलम हसली, पण तिचे डोळे भरले होते.

या वेळी निलमनं डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज बसवले आन् कपाळावरून एक कागदी चिकटपट्टी लावली, दोन्ही टोकं पिंजऱ्याला. म्हणाली, "ही बांधून ठेवायला नाही बाबा. मान जराशी फिरली की कातडी ओढली जाईल, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल. मी काही बोलले तर उत्तर द्यायचं नाही, अडचण आली तर हातातला फुगा दाबा. दर चार मिनिटांनी थांबू, खोकायचं ते तेव्हा खोका." गोजरला माझ्या पायाशी बसवलं. तिनं माझा डावा घोटा धरला.

पहिली चार मिनिटं बरी गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी मला वाटलं मशीन हलून राहिली. मग कळलं, गोजरचा हात थरथरून राहिला होता. आक्का, तुमची बहीण अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू ओढून काढते, पायाशी आलेल्या सापाला काठीनं उचलून फेकते. तिचा हात कापलेला मी कधी बघितला न्हाई. मला वाटलं मान उचलावी, 'अगं, मी आहे' म्हणावं. कपाळाची कातडी ओढली गेली. मग मनात आलं, आत्ता हललो तर हा फोटो पण गेला, आन् हिला आणखी आठ दिवस याच भीतीत काढावे लागतील. आन् पाय हलवला तर तिला वाटेल पुन्हा झटका आला. म्हणून मी पडून राहिलो. डोळ्यातून पाणी कानात गेलं, लई गुदगुल्या झाल्या, तरी पडून राहिलो. त्या वेळी हलू नका म्हणून मला कुणाला सांगावं लागलं न्हाई.

बाहेर काढल्यावर ती म्हणाली, "झालं का? चला, शेळ्या उपाशी असतील." डोळे लाल होते. म्हणाली, एसी लई गार होता.

फोटो स्वच्छ आला. मेंदूतली एक बारीक नस मधे बंद पडली होती म्हणे. वेळेवर कळलं. आता रोज गोळी, तंबाखू बंद, आन् सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही कारण न्हाई. तेव्हा तुमी पण काळजी करू नका. साडूभाऊंना नमस्कार.

तुमचा,
संतराम

ता. क. : घाबरायचं कारण न्हाई हे मला पटलंय, गोजरला न्हाई. दिवसातून दहा वेळा मला हाक मारते. मी 'ओ' दिली की म्हणते, काही न्हाई. काम नसतंच, नुसती जीभ सरळ आहे का ते बघते. माझ्याशी यातलं एक अक्षर बोलत न्हाई. तुमच्याशी बोलेल. आठ दिवस येऊन जा. हे लिहायलाच कागद काढला होता, बाकीचं मधे आलं.

ता. क. दुसरं : मी बोलावलं असं सांगू नका. दुभती शेळी विकत घ्यायला आले म्हणा.

ता. क. तिसरं : शेळी बघायला लागलात तर पांढऱ्या कानाची सोडून बघा. तिच्यावर माझा जीव आहे. पण पंधरा दिवस राहणार असाल, तर तीच घेऊन जा.