रोज एक मिलिमीटर

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी डाव्या बाजूवर भार द्यायला अजून मनाई केली आहे, तेव्हा आठांपैकी एक अंग तूर्त वजा धरावे. बरं वाटलं की राहिलेल्या अंगाचा नमस्कार वेगळा घालीन.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि मोतीबिंदू काढलेला डोळा? तो आता वाचू देत असेल तर हे पत्र दार लावून वाचा. शेजारच्या बाईंना 'जरा वाचून दाखव गं' म्हणून मुळीच देऊ नका. तुम्ही चाळीस वर्षं नर्स होतात आणि शरीराची लाज हॉस्पिटलच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची असते असं तुम्हीच मला शिकवलंत, एवढ्याच आधारावर मी पुढचं लिहिते आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं असं समजा. क्षेम नाही. आणि लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण त्याला कारण तुम्ही आहात.

आठ महिन्यांपूर्वी माझी गाठ काढली ते तुम्हाला ठाऊकच आहे. ती वेळेत निघाली, रिपोर्ट स्वच्छ आला, मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवायला पुन्हा बसायलाही लागले. फक्त डावा स्तन, त्यातही टोकापासून काखेच्या बाजूला, बधिर राहिला. (स्तन हा शब्द उच्चारायला मला पूर्वी घाम फुटायचा. आता आमच्या घरात तो इतक्या वेळा लिहिला गेलाय की स्टूल म्हणावं तसा मी म्हणते.) डॉक्टरीणबाईंना मी तीनदा विचारलं, की इथली जाणीव परत येईल का. तिन्ही वेळा त्यांनी टाक्यांचं कौतुक केलं. टाके सुरेखच आहेत, पण मी काही भरतकाम करून घ्यायला गेले नव्हते. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही एका दमात सांगितलंत, की चौथ्या बरगडीखालून बाजूने एक नस तिथवर येते, ती दुखावली असेल, नसा हळूहळू वाढतात, वर्ष-दोन वर्षंही लागतात, परत येईल किंवा थोडी कमीच येईल, पण स्पर्शाची सवय ठेवा म्हणजे मेंदू विसरत नाही. इतकी सरळ वाक्यं तोवर मला कुणी ऐकवली नव्हती. फोन ठेवून मी रडले, ते बरं वाटून रडले. पण वन्सं, तुमच्या त्या बोलण्यात एक वाक्य जास्त झालं. फोन स्पीकरवर होता, हे शेजारी बसले होते, आणि तुम्ही म्हणालात की नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते.

मिलिमीटर. कुणापुढे काय बोलतोय हे माणसाने बघावं. तुमच्या भावाचा सगळा जन्म वजनमापं तपासण्यात गेला. दुकानातला काटा खरा की खोटा हे सांगण्यावर ज्याचं घर चालतं, चिमट्याने मिलिग्रॅमची वजनं उचलायची आणि काट्यावर मोहोर मारायची हे ज्याचं काम, त्याच्या कानावर तुम्ही मिलिमीटर घातलात. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती आमच्या लग्नाच्या दिवशीही मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी घरात आली, पाच जाडींची. तिचे तुकडे आइस्क्रीमच्या काड्यांना चिकटवले. प्रत्येक तुकडा किती भाराला वाकतो ते ऑफिसच्या नाजूक तराजूवर मोजून काडीवर लिहिलं. मग तक्ता. स्तनाचं घड्याळ करायचं, वर बारा, खाली सहा, आणि त्याच्या दर आकड्याच्या जागी दोरी टेकवून मला डोळे मिटून 'हो' किंवा 'नाही' म्हणायला लावायचं. दर रविवारी दुपारी, पंखा बंद करून. (वाऱ्याने दोरी हलते म्हणे. मी घामाने निथळते त्याची नोंद नाही.) नोंदी नेहमी त्याच. नऊला ठीक, बाराला थोडं, दोनला संशयास्पद, तीनला शून्य. तीन वाजता शून्य, तीन वाजता शून्य. माझ्या घड्याळाकडे पाहिलं तरी मला हल्ली राग येतो.

तुम्ही पाठवलेलं ते जाडं पुस्तकही यांनी पालथं घातलं. जेवताना मोठ्याने वाचतात. आकाराचा आणि जाणिवेचा काही संबंध नसतो, हे मला भाजी वाढताना कळलं. महिन्याच्या दिवसांप्रमाणे जाणीव कमीजास्त होते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या तारखांभोवती हिरवी वर्तुळं आली. स्तनाग्राचा स्पर्श मेंदूत जिथे पोचतो, तिथेच आसपास खालच्या नाजूक जागेचाही पोचतो, म्हणून इथे बोट लागलं की जाणवतं तिथे, आणि जे संप्रेरक बाळाला पाजताना स्रवतं तेच त्या सुखाच्या क्षणीही स्रवतं, हेही यांनी चष्मा सारखा करत मला समजावलं. वन्सं, इथलं बटण दाबलं की आतल्या खोलीतला दिवा लागतो, हे आम्हा दोघांना तेवीस वर्षं पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तो दिवा आठ महिने बंद आहे, हे माझं दुखणं आहे. वायरिंगचा नकाशा मी मागितलाच नव्हता.

एक रविवार तर कहर झाला. बऱ्याच पुरुषांनाही तिथे चांगलीच जाणीव असते असं पुस्तकात निघालं. यांना ते पटेना. तुलनेसाठी नमुना हवाच, असं म्हणून शर्ट काढून, बनियन वर करून, हे स्वतःच टेबलाशी बसले आणि सगळ्यात बारीक दोरी स्वतःला टेकवली. पुढच्या क्षणी हे खुर्चीतून वीतभर उडाले. मी हसले ते यांना आवडलं नाही. मग गंभीरपणे स्वतःची नोंद शाईने लिहून काढली (माझी पेन्सिलीने, यांची शाईने), आणि दिवसभर शर्टाचं वरचं बटण लावून फिरत होते.

आता मला जे सलतं ते सांगते. महिन्यापूर्वी एका रविवारी मी सतरा वेळा 'हो' म्हणाले. तीनलाही म्हणाले. डोळे उघडले तर हे नुसते बसलेले, पेन्सिल खाली. हळूच म्हणाले, "अगं, यातल्या चार वेळा मी दोरी टेकवलीच नव्हती." काट्याची परीक्षा अशीच घेतात म्हणे, पारडं रिकामं ठेवून. मी खूप चिडले, बायकोचा विश्वास नाही का वगैरे पुष्कळ बोलले. पण खरं तुम्हाला सांगते. 'नाही' म्हटलं की हे निमूट शून्य लिहितात, पण लिहिताना यांचा चेहरा उतरतो, आणि तो चेहरा मला मिटल्या डोळ्यांनीही दिसतो. म्हणून 'हो' म्हणाले. आणि थोडं यासाठीही, की मला ते खरं व्हायला हवं होतं.

तुमच्या त्याच पुस्तकात लिहिलंय, की कामेच्छेला एक अ‍ॅक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक. (हे पान यांनी मोठ्याने वाचलं नाही. त्यात आकडे नव्हते.) काळजी, संकोच, कुणी आपल्याला जोखतंय ही भावना, हे सगळे ब्रेक. शिवाय प्रत्येकीला आधी इच्छा आणि मग बाकीचं असं होत नाही. कित्येकींचं आधी निवांतपण, जवळीक, स्पर्श, आणि इच्छा मागाहून चालत येते. हे मला कुणी समजावायला नको. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो. शिकणारी बाई कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबू दे, माझा पाय त्या ब्रेकवर असला तर गाडी नुसती कण्हते. आमच्या घरात सध्या असंच चाललंय. हे दर रविवारी बॉनेट उघडून अ‍ॅक्सिलरेटरची तार तपासतात, आणि यांचाच पाय माझ्या ब्रेकवर आहे. आठ महिन्यांत या माणसाने दोरीशिवाय मला हात लावलेला नाही. दुखेल म्हणून भीती वाटते, असं एकदाच म्हणाले. त्यानंतर दोरी आली.

आणि आता मागच्या बुधवारी झालेला पराक्रम. तक्त्यासाठी वेगळा कागद कशाला, म्हणून यांनी ऑफिसातले काटा तपासणीचे जुने छापील फॉर्म वापरले होते. त्यात संवेदनशीलता, त्रुटी, शेरा असे रकाने आयतेच असतात. दुकानाच्या नावासमोर 'घर', आणि खाली 'डावे' व 'उजवे'. त्यातला एक फॉर्म फाइलींबरोबर ऑफिसात गेला. साहेबांना वाटलं दोन पारड्यांचा तराजू. साहेब कामाला वाघ, त्यांनी त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी शेरा मारला. जसाच्या तसा उतरवून देते: 'डाव्या बाजूची संवेदनशीलता विहित मर्यादेत नाही. वापर तात्काळ बंद करावा. तीस दिवसांत फेरतपासणी.'

दुसरा नवरा असता तर त्याने तो कागद गिळला असता. यांनी घरी आणून माझ्यासमोर ठेवला. का, तर जावक क्रमांक पडलाय, आता उत्तर द्यावंच लागेल. वापर बंद करावा. वन्सं, मी तो गोल शिक्का पाहिला आणि मला हसू आलं नाही. आठ महिने जी भीती मी कुणापाशी बोलले नव्हते, ती सरकारी टायपात माझ्यापुढे आली होती. मी यांना म्हणाले, "मी कुणाच्या दुकानातला काटा नाही. यापुढे ती दोरी माझ्या अंगाला लागली तर बघा." त्यानंतर तीन दिवस आमच्यात फक्त मीठ आणि पाणी एवढंच बोलणं झालं.

म्हणून हे पत्र. आई गेल्यावर तुम्हीच यांना वाढवलंत. जगात हे फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही आग लावली, आता तुम्हीच पाणी ओता. यांना सडकून एक पत्र लिहा, की तपासणी कायमची बंद, काड्या केरात टाक, आणि बायकोच्या जवळही फिरकू नकोस.

गुडघ्याला शेक देत जा. आणि जिना उतरताना कठडा धरत जा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. १ : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. आज रविवार. दुपारी मी पाठ टेकली होती, हे आले, हातात तोच फॉर्म. मला वाटलं आता पुन्हा. पण फॉर्मवर यांनी उत्तर लिहिलं होतं आणि उद्या ते जाणार आहे: 'सदर काटा व्यापारी वापरातला नाही. घरचा आहे. या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. प्रकरण बंद.' खाली पूर्ण सही. मी वाचेपर्यंत उभे राहिले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकही प्रकरण या माणसाने फेरतपासणीशिवाय बंद केलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

ता. क. २ : मग शेजारी आडवे झाले. थोड्या वेळाने यांना डुलकी लागली आणि हात माझ्या डाव्या बाजूला पडला, सगळा पंजा, ब्लाउजवरूनच. तीनच्या जागी. वन्सं, तिथे ऊब लागली. दोरी नाही, टोचणं नाही, नुसती ऊब, आणि तिच्या मागोमाग आतल्या खोलीत दिवा लागतो न लागतो असं काहीसं. मी श्वास धरून पडून राहिले. हे जागे झाले, हात कुठे आहे ते त्यांना कळलं, घाबरून काढायला लागले, तर मी मनगट धरून ठेवलं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेन्सिल शोधत उठले असते. हे 'हो' पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, आणि या वेळी पारडं रिकामं नव्हतं.

ता. क. ३ : तेव्हा वर मागितलेलं सडकून पत्र लिहू नका. असं लिहा, की दोरीची पद्धत आता जुनी झाली, हल्ली हाताचा पूर्ण पंजा ठेवतात, आणि त्याची नोंद ठेवायची नसते. वेळ मात्र नक्की लिहा, यांना आकडा लागतो. रोज अर्धा तास लिहा.

ता. क. ४ : पाऊण तास लिहा.