तीन टिंबांची वाटी

ती. वच्छलाअक्काच्या पायांवर (दुखऱ्या गुडघ्यांना जरा वळसा घालून) धाकट्या बद्रीचा दंडवत.

तुझे गुडघे, दाजींचं ऑपरेशन झालेलं पोट, काळी म्हैस, बिडकीनला सगळं ठीक आहे असं धरून चालतो. कारण फोनवर विचारलं की तू ‘समदं बेस हाय’ म्हणतीस आणि ठेवून देतीस. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं म्हणा. पण देऊ नकोस.)

इकडं माझं बूड जागेवर ठरंना झालंय. वर्कशॉपातून रिटायर झालेल्या माणसानं देवदेव करावा, तर मला जुन्या चांदीचा नाद लागला. चांदीच्या भांड्याच्या बुडाला घडवणाऱ्या कारागिराचा बारीक ठसा असतो. कुणाचं अक्षर, कुणाचं फूल, कुणाचा मासा. कारागीर मातीत गेला तरी ठसा बोलतो. शाळा मला चौथीपुरतीच मानवली, पण घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून मी असल्या ठशांच्या दोन वह्या भरल्या. औरंगपुऱ्यात अतुलशेठच्या दुकानात मोडीची चांदी येते, ती वितळायला जायच्या आत मी उलटीपालटी करून बघतो. अतुलशेठ म्हणतो, “काका, गिऱ्हाईक बिचकतंय, तुम्हाला धाडीवाले समजून.” तरी चहा पाजतो बिचारा.

नाद म्हणजे किती, तर भांडं दिसलं की हात आपोआप त्याच्या बुडाशी जातो. शेजारच्या संध्याबाईंकडं हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा दिसला. म्हटलं, ठसा बघावा, आणि केला उलटा. झाकण सैल होतं. आत पावशेर कुंकू होतं. खाली नवा पांढरा सोफा होता. पुढचं लिहीत नाही. वर तोंड न आवरून मी म्हणालो, “पण बाई, हे जर्मन सिल्व्हर आहे.” तेव्हापासून त्यांच्याकडची वाटीभर भाजी येणं बंद झालं. तुझी भावजय आशा दोन दिवस माझ्याशी फक्त भांडी आदळून बोलत होती.

आता मुद्द्याचं. महिन्यापूर्वी अतुलशेठच्या मोडीत एक चांदीची वाटी गवसली. बुडाला तीन टिंबं, तिसरं लांबलेलं. माझ्या वह्यांत असा ठसा कुठंच नाही! वाटी तिथंच विकत घेतली आणि आठ दिवस तिच्यामागं अन्न गोड लागलं नाही. शेवटी मीच शोध लावला की निजामाच्या अमलात तीन भावांची पेढी असणार. तिसरं टिंब लांबलंय, म्हणजे धाकटा वेगळा निघाला. बागेतल्या कट्ट्यावर मी त्या तिघांची वाटणी इतकी रंगवून सांगितली की एका रिटायर तलाठ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्याचं घरचं काहीतरी असावं.)

खात्री करायला दौलताबादला कचरूभाऊंकडं गेलो. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालण्यात त्यांचा जन्म गेला. आता दिसत नाही, पण अंगठा फिरवून सांगतात. त्यांनी फिरवला आणि खो खो हसले. “बद्रीनाथराव, ह्यो कारागिराचा ठसा नाय. घरच्या कुणीतरी खिळ्यानं ठोकलंय. आन् ठोकणारा लई अडाणी व्हता. तिसऱ्याला हातोडीच घसरली की!”

अक्का, बसमध्ये दौलताबाद ते घर मी उभ्यानं आलो. सीट रिकामी होती तरी. तो अडाणी मीच!

तुला आठवतं? भावकीत लग्न निघालं की जावयाच्या ताटाला आपल्या चांदीच्या दोन वाट्या जायच्या आणि बदलून हलक्या यायच्या. आई म्हणाली, खूण करा. तू वाटी धरलीस, मी खिळ्यानं तीन-तीन टिंबं ठोकली. एका वाटीवर हातोडी घसरली ती थेट तुझ्या अंगठ्यावर. नख काळंनिळं. आईनं विचारलं तर तू म्हणालीस, दारात चेंगरलं. माझा मार चुकला. पुढं आईनं त्या वाट्या आपल्याला एकेक दिल्या. (स्वतःच्या घरच्या भांड्याचं बूड कोण बघतं? मी तर माझी फडक्यातून कधी सोडलीच नाही.) तर एवढंच कळव, घसरलेलं टिंब तुझ्या वाटीवर होतं की माझ्या? सवडीनं कळव. घाई नाही.

तुझा,
बद्री

ता. क. घाई आहे. रविवारी माझ्या नातीचं, कृष्णाच्या संस्कृतीचं, उष्टावण आहे आणि आशाला त्यासाठी आईची वाटी हवी. माझी वाटी मी कृष्णाच्या कॉलेजच्या वेळीच मोडीत घातली. आशाला अकरा वर्षं सांगत आलोय की ती अक्काकडं आहे, अक्काचं कपाट लोखंडी आहे. तिचा फोन आला तर ‘व्हय’ म्हण.

ता. क. २. वाटीचा प्रश्न खोडला असं समज. उत्तर नको. अतुलशेठ परवा बोलून गेला, ती वाटी आषाढात बिडकीनच्या एका म्हाताऱ्या बाईनं आणली होती. देऊन झाल्यावर दुकानात दोनदा माघारी आली. एकदा पिशवी विसरली म्हणून, एकदा काहीच विसरलं नव्हतं तरी. दाजींचं ऑपरेशन आषाढातलंच. पैशाचं विचारलं तेव्हा ‘समदं भागलं’ म्हणाली होतीस.

तर रविवारी हात हलवत ये. वाटी माझ्या खिशात असेल, रिक्षातून उतरताना तुझ्या पिशवीत टाकीन. सगळ्यांसमोर काढ आणि म्हण, ही घ्या बद्रीची, नीट ठेवली होती. लेकराला खीर चाटवून झाली की ती तुझ्याच पिशवीतून बिडकीनला जाईल, लोखंडी कपाटात. कुणी काहीही विचारलं, तरी अंगठा दारातच चेंगरला होता.