पुलीच्या मागे

मंगळवार, ८ जून २००४

मारुती मेली! खालिद सुट्टी संपवून कुवेतला परत गेला आणि दुसऱ्याच दिवसापासून हे सुरू. स्टार्टर नुसता गरगरतो, इंजिन काही पकडत नाही. सोमवारी गणेशपुरीच्या शाळेत रुजू व्हायचंय. लायसन्स काढलं ते काय एसटीची वाट बघायला? फोनवर नवरोबा खालिद — "मग नोकरी राहू दे ना."

मेकॅनिक रामनाथ म्हणतो, आतला बेल्ट तुटला असेल, पुढच्या आठवड्यात बघतो. मीच बघते!

बुधवार, ९ जून

चाक काढलं. बेल्ट पुलीच्या मागे, आणि पुलीच्या मधोमध एकच बोल्ट. पान्यावर उभी राहिले तरी बोल्ट सुटत नाही, अख्खं इंजिनच फिरतं. गंमत आहे — एकाच वेळी पुली धरायची कुणी आणि बोल्ट फिरवायचा कुणी?

सासरे, म्हणजे अब्बा, नारपोलीच्या लूमच्या कारखान्यातून आले. लूमवाल्याला सगळीकडे लूमच दिसतो! अब्बांनी पुलीच्या फटीत चक्क मागाचा जुना धोटा ठोकला. "आमी पुली अशीच अडवतो." धोट्याचे दोन तुकडे. "न्हाय निघायचा हा. सोड, बेटा."

गुरुवार, १० जून

रॉकेल. हातोडी. तळहाताला फोड. बोल्ट जागच्या जागी.

शुक्रवार, ११ जून

आंघोळ करताना सुचलं! इंजिनला फिरायचंय ना? फिरू दे! पान्याला लांब पाइप लावायचा, पाइप जमिनीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा. इंजिन फिरेल, पाना अडेल, बोल्ट जाईल कुठे? रामनाथला फोन केला तर हसला — "आमीपण तेच करतो, भाभी. गाडी न्यूट्रलला ठेवा. आन् लांब उभ्या ऱ्हावा."

अब्बांना सीटवर बसवलं. किल्लीवर हात ठेवून किती वेळ नुसते बसून!

"फिरवू?"

"फिरवा!"

खाट्! सुटला! मी अंगणात नाचलेच.

पुली काढली, कव्हर काढलं. बेल्ट तुटलेला नाही — बेल्टच नाही! साधा तुकडासुद्धा नाही. मग गेला कुठे? अब्बांना विचारायला वळले, तर चहा तसाच टाकून ते मशिदीत निघून गेले होते.

शनिवार, १२ जून

सकाळी बॉनेटवर बेल्ट. अख्खा. शेजारी अब्बा, मान खाली.

"खालिदनं जाताना काढून माज्याकडं दिलता. बाईमानूस हायवेला नको म्हनून. मीपन हो म्हटलं."

राग आला. इतका की बेल्ट त्यांच्यासमोरून ओढूनच घेतला.

मग म्हटलं, "अब्बा, टॉर्च धरा."